मधल्या मापाची बाई

तिला कारखान्यात सगळे मिडियम म्हणायचे. खरं नाव हजेरीच्या रजिस्टरात होतं, ते तिथंच पडून असायचं. हे टोपणनाव ठेवलं कटिंग मास्तरांनी, आणि त्यात चेष्टेपेक्षा कौतुकच जास्त होतं. चौदा मशीनींच्या त्या कारखान्यात बायकांचे कामाचे कोट शिवायचे. नर्सचे, प्रयोगशाळेतल्या मुलींचे, औषधांच्या कंपनीत बाटल्या भरणाऱ्यांचे. या सगळ्या कोटांचा मधला साइज म्हणजे ही बाई. तिच्या अंगावरून मास्तर जाड पुठ्ठ्याचा फर्मा कापायचे, आणि त्या फर्म्यात इकडून तिकडून अर्धा इंच घालून-काढून बाकीचे लहानमोठे साइज निघायचे. गावातल्या निम्म्या नर्सा हिच्या खांद्यांवर बेतलेले कोट घालून फिरत होत्या म्हणा ना.

बाकीचे लोक छापील तक्ता बघून कापतात. मास्तरांचा तक्त्यावर काडीचा विश्वास नव्हता. "तक्त्याला खांदे असतात का?" ते विचारायचे. "तक्ता वाकून बादली उचलतो का? माणूस उभा करा माझ्यासमोर." वीस वर्षांपूर्वी नवीनच कामाला लागलेली ही बाई त्यांच्यासमोर उभी राहिली, आणि मास्तरांना हवं ते मिळालं. वर्षं सरली, लेक मोठी झाली, तिचं लग्न होऊन ती सासरी गेली, तरी हिचं माप म्हणून हललं नाही. याचा तिला गर्व होता आणि तो ती लपवायची नाही. शेजारच्या मशीनवर काज करणारी एक बाई होती, तिला सगळे काजवालीच म्हणायचे. तिला ही येताजाता टोचायची, "तुझ्या एका कोटात माझे दोन होतील गं." काजवाली अंगानं भरलेली आणि मनानं मोकळी. ती म्हणायची, "होऊ देत. थंडीत मलाच बरं."

माप घ्यायची मास्तरांची एक रीत होती, आणि पुढचा सगळा घोळ त्या रीतीतून झाला, म्हणून ती सांगायलाच हवी. बाईमाणसाच्या अंगाला त्यांनी उभ्या जन्मात हात लावला नाही. टेप मिडियम स्वतःच लावायची. पाठीच्या मापाला तेवढी काजवाली मागे उभी राहून मानेपाशी टोक धरायची, आणि कमरेपाशी चिमटीत धरलेला टेप पुढे आणून आकडा मिडियमच वाचायची. मास्तर पाठमोरे उभे राहून पुठ्ठ्यावर लिहायचे. ती वाचेल ते प्रमाण. वीस वर्षांत कधी मागे वळून बघायची वेळ आली नाही.

सत्तेचाळिसाव्या वर्षी तिच्या पाळीनं उच्छाद मांडला. जायच्या बेतात होती, पण जाईना. आली की पंधरा पंधरा दिवस मुक्काम. तपासण्या झाल्या. गर्भाशयात गाठी, आणि एका ओव्हरीवर पाण्याची गाठ. ऑपरेशनच्या डॉक्टर म्हणाल्या, "पिशवी काढावी लागेल, गाठ आलेली ओव्हरीही काढू. दुसरी स्वच्छ दिसतेय, ती ठेवता येईल. ठेवली तर हाडांना, एकूण शरीराला तिचा आधार राहतो. काढायचीच म्हणालात तर तीही काढू, कारण तुमचं वय पाळी जायचंच आहे. घरी बोलून ठरवा."

घरी बोलणार कुणाशी? नवरा पाणीखात्यात घरोघरचे मीटर वाचायचा. माणूस वाईट नव्हता, पण दुसऱ्याच्या घरचं सगळं नोंदवून आलेला, स्वतःच्या घरात मात्र काही विचारायचा नाही. त्यात त्या आठवड्यात नणंद राहायला आलेली. जेवताना ती म्हणाली, "पिशवीचं काही नाही गं, हल्ली सगळ्यांच्याच काढतात. पण त्या ओव्हऱ्यांना हात लावू देऊ नकोस. त्या गेल्या की बाईत बाई उरते काय?" नवरा ताटात बघत होता. तो 'हं' म्हणाला की नुसता घास गिळला, हे तिला नक्की सांगता आलं नसतं. पण तिनं ते 'हं' असंच धरलं आणि मनात ठेवलं.

आणि गंमत बघा, एवढं ऐकूनही दोन्ही काढायला तीच हो म्हणाली. पुन्हा पोट फाडायची पाळी नको, एवढंच तेव्हा डोक्यात होतं. सही केली तेव्हा नवरा खाली औषधं आणायला गेला होता. तो वर आल्यावर ती म्हणाली, "पिशवी काढणार आहेत." खोटं काही बोलली नाही. फक्त पुढचं बोलली नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची.

घरी सोडताना डॉक्टरांनी एक कागद दिला. वरच्याच ओळीत लिहिलेलं, दोन्ही बीजांडकोश, म्हणजे ओव्हऱ्या, काढले. खाली बऱ्याच सूचना. गोळ्या कुठल्या, उन्हात किती बसायचं, रोज चालायचं, थोडं थोडं वजन उचलायचा व्यायाम करायचा, सहा महिन्यांनी येऊन हार्मोनच्या गोळीचं बोलायचं, वर्षानं हाडांची तपासणी. पण तो कागद कुणाला दाखवायची सोय नव्हती, कारण वाचणारा आधी वरचीच ओळ वाचणार. गोळ्यांची बाटली घरात दिसली तर कशाच्या म्हणून विचारलं जाणार. तिनं कागदाची घडी केली आणि घरच्या मशीनच्या खालच्या खणात, बॉबिनच्या डब्याखाली सरकवला. एका ओळीच्या लाजेपायी खालच्या आठ ओळी वाया गेल्या. मला तिचा राग येतो तो इथं, आणि तिला स्वतःचा आला तो फार उशिरा.

पहिल्या वर्षी घामाच्या लाटा आल्या, झोप उडाली. ते तिनं सोसलं. सोसायची सवय असते बायकांना, आणि वर त्याचा अभिमानही असतो, हे आणखी एक दुखणं. दुसऱ्या वर्षी पोट आलं. न सांगता आलेला पाहुणा असतो तसं आलं आणि जायचं नावच घेईना. ती वजनकाट्यावर उभी राहिली तर काटा जेमतेम दोन किलो पुढे. मग हे आलं कुठून? आरशात नीट बघितल्यावर उलगडा झाला. दंड सैल पडलेले, मांड्या बारीक झालेल्या, मागची बाजू सपाट. एकीकडून मांस जात होतं, दुसरीकडून चरबी येत होती, आणि काटा बिचारा दोघांची बेरीज दाखवून मोकळा. तिनं एक वेळचं जेवण सोडून बघितलं. पोट जिथल्या तिथं, दंड तेवढे आणखी उतरले.

तिसऱ्या वर्षी कापडाचा तागा उचलताना पाठीत सणकन कळ आली. उसण भरली म्हणून आठ दिवस शेकत बसली. कळ गेली, पण तेव्हापासून उभं राहिलं की आपण कुठंतरी आत दबलोय असं तिला वाटायचं. तिनं ढगळ कपडे घालायला सुरुवात केली. काजवाली म्हणाली, "सुखावलीस गं." ती हसली आणि मशीनवर वाकून बसली. माप मोडलं होतं आणि ते तिला ठाऊक होतं. वीस वर्षं ज्या गोष्टीच्या जोरावर ती चारचौघींना चिडवत आली, ती गोष्ट आता तिच्याकडे नव्हती. तिला त्याची इतकी लाज वाटायची की कपडे बदलताना ती स्वतःच्याच घरात दिवा घालवायची.

चौथ्या वर्षी मोठी ऑर्डर आली. एका मोठ्या दवाखान्याला सगळ्या नर्सचे नवीन पद्धतीचे कोट हवे होते, कमरेला शिवण असलेले, अंगासरशी. जुना फर्मा चालणार नव्हता. कारभार आता म्हाताऱ्या मालकांची मुलगी बघायची, कारखान्याची मालकीणबाई तीच. लहानपणी ती याच मशीनींखाली चिंध्या गोळा करत खेळलेली, म्हणून मिडियमला मावशी म्हणायची. ती म्हणाली, "मास्तर, मावशींवर नवीन फर्मा काढा." मास्तरांनी पुठ्ठा टेबलावर पसरला आणि रीतीप्रमाणे पाठ फिरवली.

मिडियमनं कमरेला टेप लावला. साडेतेहतीस. तिची जीभ म्हणाली, "तीस."

आता खोटं बोलायचं, असं काही तिनं ठरवलं नव्हतं. वीस वर्षं जिभेवर बसलेला आकडा होता, तो आपोआप आला. पण आला तेव्हा तिनं तो परत घेतला नाही, हेही तितकंच खरं. मग पाठ. काजवाली मागून मानेपाशी टोक धरून सुनेचं काहीतरी गाऱ्हाणं सांगत होती, तिचं लक्ष नव्हतं. टेप पुढे आला. साडेचौदा. हे मात्र तिला अपेक्षित नव्हतं. पोट सुटतं हे कळतं, पण पाठ कशी आखूड होईल? तिला वाटलं टेप वाकडा धरला गेला. "साडेपंधरा," ती म्हणाली, आणि मास्तरांनी साडेपंधरा लिहिलं.

तिसऱ्या दिवशी ट्रायल. पडद्याआड तिनं कोट चढवला. बटण पोटावर ताणलेलं, पाठीवर कमरेच्या वर कापडाची आडवी घडी. श्वास आत ओढून ती बाहेर आली. श्वास किती वेळ ओढणार? मास्तरांनी चष्मा लावला, काढला, पुसला, पुन्हा लावला. पुठ्ठ्यावरचे आकडे बघितले. "हेच आकडे ना?"

"हेच."

"मग कापताना माझंच चुकलं." असं म्हणताना त्यांनी आपल्या उजव्या हाताकडे बघितलं. अडुसष्ट वर्षांचे होते ते, आणि त्यातली पन्नास वर्षं हातात कात्री. मिडियम यावर काहीतरी हलकंफुलकं बोलली, काजवाली हसली, मास्तरही ओठातल्या ओठात हसले. मग त्यांनी सांगितलं तसं काजवालीनं टाचण्या लावल्या, खडूनं खुणा केल्या. कमरेत सोडलं, पाठीत उचललं. कोट चापूनचोपून बसला. आकडे एक सांगत होते, अंग दुसरंच सांगत होतं, आणि मास्तर तर जन्मभर अंगाच्या बाजूचे. त्यांनी दुरुस्त कोटावरून नवीन फर्मा कापला आणि त्यावरून सगळे साइज काढले.

तीनशे कोट गेले आणि तीन आठवड्यांत खोकीच्या खोकी परत आली. कमरेला झोळ, आणि कमरेची शिवण कमरेवर यायची सोडून बरगड्यांखाली. नर्स जरा वाकली की कोट वर सरकायचा. नर्सांनी म्हणे आरशासमोर उभं राहून पोटभर हसून घेतलं होतं. मालकीणबाईंनी मास्तरांना आणि मिडियमला केबिनमध्ये बोलावलं.

"मावशी, सॅम्पल तुमच्या अंगावर नीट बसलं होतं ना?"

तोंड उघडायची एक संधी होती ती हीच. मास्तर शेजारी उभे होते, हात मागे बांधून. मिडियम म्हणाली, "नीट बसलं होतं."

म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि संन्यासी स्वतःच म्हणतोय की माझंच चुकलं असेल. "हात गेला माझा," मास्तर म्हणाले. "डोळेही गेले असतील. पोरी, तुझं नुकसान केलं मी." मालकीणबाईंनी त्यांना जा म्हटलं नाही, पण थांबाही म्हटलं नाही. मास्तरांनी कात्री टेबलावर ठेवली, टेबल कापडानं पुसलं आणि जेवणाच्या सुट्टीआधीच ते निघून गेले. करून सवरून नामानिराळी राहिलेली मिडियम आपल्या मशीनवर येऊन बसली आणि तिनं त्या दिवशी सहा बाह्या उलट्या जोडल्या.

पुढचे आठ महिने तिचे कसे गेले ते तिलाच ठाऊक. मालकीणबाईंनी प्लास्टिकची बाहुली विकत आणली, बिनडोक्याची, आणि सॅम्पल तिच्यावर चढायला लागले. मिडियमला आता कुणी मिडियम म्हणेना, पण दुसरं नावही सुचेना. रोज कामावर येताना ती ठरवायची की आज सांगायचं. पण सुरुवात कुठून करणार? आकडा खोटा वाचला म्हटलं की का वाचला, हे आलं. मग पोट आलं, पाठ आली, ऑपरेशन आलं, आणि दोन्ही ओव्हऱ्या काढल्या हे चौदा मशीनींसमोर सांगायचं, जे घरी नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. एक टाका ओढला की अख्खी शिवण उसवणार. संध्याकाळी ती तशीच घरी जायची. काजवाली मास्तरांच्या गल्लीत राहायची, ती बातम्या आणायची. मास्तर घराबाहेर पडत नाहीत. पडलेच तर बायको हाताला धरून रस्ता ओलांडून देते. डोळ्यांच्या डॉक्टरनं डोळे बरे आहेत म्हणून सांगितलं, तर मास्तर म्हणाले, त्याला काय कळतंय. ऐकून मिडियमला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं, आणि तरी ती दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारायची, "मास्तरांचं काय कळलं का गं?"

मग एका सकाळी कारखान्याच्या पायरीवरून तिचा पाय सरकला. पायरी म्हणजे वीतभर. ती हातावर पडली आणि मनगट मोडलं. नवऱ्यानं काम टाकून तिला हाडांच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर तिच्या लेकीच्या वयाची होती. प्लास्टर झाल्यावर ती म्हणाली, "एवढ्याशा पायरीवरून पडून या वयात मनगट मोडायला नको होतं. उंची किती तुमची?"

"एकशे सत्तावन्न सेंटिमीटर."

डॉक्टरनं तिला भिंतीला टेकवून उभं केलं. "एकशे चौपन्न."

"तुमची पट्टी चुकीची लावलीय," मिडियम म्हणाली, आणि म्हणता म्हणता तिचे कान तापले. आपण पट्टीलाही सोडत नाही, मास्तरांचं काय घेऊन बसलो, असं तिच्या मनात आलं.

पाठीचा एक्स-रे निघाला. एक मणका पुढच्या बाजूनं चेपलेला, जुना. ती उसण नव्हती तर. हाडांची तपासणी झाली, तिचा आकडाही व्हायचा तेवढा वाईट आला. "पाळी कधी गेली?" डॉक्टरनं विचारलं.

"चार वर्षांपूर्वी पिशवी काढली ना हिची," नवऱ्यानं उत्तर दिलं.

"आणि ओव्हरीज? त्या ठेवल्या होत्या का?"

"हो, हो. नुसती पिशवी काढली," नवरा ठामपणे म्हणाला. रोज लोकांचे आकडे वाचणारा माणूस, त्याला आपल्या माहितीची खात्री होती.

मिडियम फरशीकडे बघत होती. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं म्हणतात ते काय, ते तिला कळलं. "दोन्ही काढल्या," ती म्हणाली.

नवऱ्यानं तिच्याकडे बघितलं. डॉक्टरला काय ते कळलं असावं, कारण ती दोघांकडेही न बघता कागदावर चित्र काढत समजावत राहिली. "पाळी जाते तेव्हा ओव्हऱ्या काही एका दिवसात दुकान बंद करत नाहीत. हळूहळू आवरतं घेतात, आणि पाळी गेल्यावरही काहीबाही पाठवत राहतात. काढल्या की ते सगळं एकदम थांबतं. मग पहिली काही वर्षं हाडं झपाट्यानं ठिसूळ होतात, स्नायू उतरतात, चरबी पोटावर येऊन बसते. सगळ्यांचं सारखं होत नाही. तुम्ही मुळात बारीक, त्यात दिवसभर खुर्चीत बसून काम. काढायला नको होत्या असं मी म्हणत नाही, गाठ होतीच. पण नंतर लक्ष ठेवावं लागतं. तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं का?"

नव्हतं सांगितलं, असं म्हटलं असतं तर सगळे सुटले असते. डॉक्टरनं त्या दुसऱ्या डॉक्टरला मनातल्या मनात दोन शिव्या घातल्या असत्या आणि विषय मिटला असता. "सांगितलं होतं," मिडियम म्हणाली. "कागद दिला होता. मी लपवून ठेवला."

नवऱ्यानं तिला बाहेर बाकावर बसवलं. मग म्हणाला, "ताई जेवताना काहीतरी बोलली होती, त्यामुळे?"

"तुम्ही हं म्हणालात."

"मी?" त्यानं आठवून बघितलं. खरंच आठवून बघितलं, कपाळाला आठ्या घालून. "मला तर ते बोलणंच नीट आठवत नाही गं. म्हणजे चार वर्षं तू मला तसला माणूस समजत होतीस?" तो चिडला असता तर तिला बरं वाटलं असतं. तो चिडला नाही. त्यानं तिच्या गळ्यातली प्लास्टरची झोळी नीट केली आणि गोळ्या आणायला उठला. त्याला 'तसलाच' समजून चार वर्षं त्याच्या शेजारी झोपलो, याची लाज तिला पोटाच्या लाजेपेक्षा जास्त वाटली.

एक टाका निघालाच होता. दुसऱ्या दिवशी सकाळी ती मोडक्या हातानिशी कारखान्यात गेली आणि केबिनच्या दारात उभी राहून तिनं मालकीणबाईंना सगळं सांगितलं. कमरेचा खरा आकडा, पाठीचा खरा आकडा, ऑपरेशन, मणका. दार उघडंच होतं. एकेक करत मशीनी थांबल्या. मालकीणबाई बिचारी तिच्यापेक्षा जास्त लाजली. हळूच म्हणाली, "मावशी, मी मास्तरांना फोन करते. सॅम्पलमध्ये गडबड होती, तुम्ही परत या, एवढं सांगते. तुमचं बाकीचं कुणाला कशाला?"

चांगली पळवाट होती. मिडियमला ती हवीहवीशीही वाटली. "फोन करा," ती म्हणाली, "पण उद्या. आज मी जाऊन येते." निघताना ती काजवालीच्या मशीनपाशी थांबली. चिडव आता, मनात येईल ते बोल, म्हणून ती उभी होती. काजवालीनं नुसतंच विचारलं, "दुखतंय का गं हात?" आणि मान खाली घालून काज करायला लागली.

मास्तरांचं घर दुसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांचं. दार त्यांच्या बायकोनं उघडलं. मिडियमला बसायला सांगून ती आत भांडी घासायला गेली. मास्तर खिडकीशी बसले होते. पन्नास वर्षं लोकांचे कपडे शिवलेल्या त्या माणसाच्या सदऱ्याला एका बटणाच्या जागी सेफ्टी पिन होती. त्यांनी आधी तिच्या हाताची चौकशी केली. कुठं पडलीस, कधी पडलीस, डॉक्टर बरा आहे ना. तिला वाटलं, उठून पळून जावं.

मग तिनं सांगितलं. तिसऱ्यांदा सांगत होती, तरी सोपं गेलं नाही. ओव्हऱ्या हा शब्द तिनं मास्तरांसमोर अगदी हळू आवाजात उच्चारला. मास्तर खिडकीबाहेर बघत ऐकत होते. ती थांबल्यावर त्यांची बोटं मांडीवर हलली. "कमरेत साडेतीन, पाठीत एक," ते पुटपुटले. "म्हणजे मी कापला होता तो पहिला कोट..."

"बरोबर होता. सुताचाही फरक नव्हता."

मास्तरांनी डोळे मिटले. आत भांड्यांचा आवाज चालू होता. मग ते म्हणाले, "तुझ्या तब्येतीचं वाईट झालं. ते तू लपवलंस, ते मी समजू शकतो. माझ्या बायकोनंही मला कधी सगळं सांगितलं नसेल. पण ट्रायलच्या दिवशी माझंच चुकलं म्हणालो, तेव्हा तू एक बोलली होतीस. ते सांगितलंस का कुणाला?"

तिनं ते कुणालाच सांगितलं नव्हतं. नवऱ्याला नाही, मालकीणबाईंना नाही. स्वतःशी सगळ्याची उजळणी करतानासुद्धा ती त्या वाक्यापाशी आली की पुढे उडी मारायची. "काय बोलले होते?" तिनं विचारलं, आठवत असूनही.

"तूच सांग."

आतला आवाज थांबला होता. मास्तरांची बायको ओल्या हातांनी दारात येऊन उभी होती.

"मी म्हणाले होते," मिडियम म्हणाली, "आता वय झालं मास्तर. हात चळणारच."

मास्तरांनी मान हलवली. त्यांची बायको मात्र त्यांच्याकडे बघत राहिली, मग हिच्याकडे वळली. "ते तू म्हणाली होतीस?" तिनं विचारलं. "रोज सकाळी उठले की हाताकडे बघतात आणि हेच म्हणतात. आठ महिने ऐकतेय मी. मला वाटलं, यांचंच म्हणणं आहे."

"नाही वहिनी," ती मान खाली घालून म्हणाली. "माझं आहे ते."